रुद्रप्पाच्या विहिरीची तपासणी

अख्ख्या दिंद्रुडात आपल्या विहिरीइतकं गोड पाणी नाही, असा रुद्रप्पा वाण्याचा दावा होता. हे जो मान्य करत नसे त्याला त्याच्या दुकानात गूळ मिळत नसे. सूट फक्त बायकोला, शिवकांताला. पहिल्याच घोटाला ती म्हणाली होती, "मचूळ हाय." नदीवरून घागरी वाहून तिची मान आखडली म्हणून तर त्याने अंगणात विहीर खणवली होती. पण बायकोचा गूळ बंद केला तर आपली भाकरी बंद होते, एवढं वाण्याला कळतं.

वर्ष फिरायच्या आत शिवकांता झिजत झिजत गेली. मळ्यात तिला माती दिली. गाव म्हणालं, नव्या पाण्यानं खाल्ली. रुद्रप्पा पाण्याचा गोडवा आणखी मोठ्याने सांगू लागला. विहिरीच्या कोनाड्यात तिच्या नावाचा दिवा होता, तो भर दुपारीही विझू देत नसे. पण एकटा असला की त्याला एकच दिसायचं: विहीर आपणच खणवली.

अशात हैदराबादेहून अर्जुनराव विहिरी तपासायला आले. जमिनीतल्या खडकातून रेडियमची वाफ पाण्यात उतरते आणि फार झाली तर अंगाला बाधते, असा त्यांचा कयास होता. जवळ काचेची पेटी, आत सोन्याच्या वर्खाची दोन पानं. लाखेची कांडी रेशमावर घासून पेटीच्या पितळी बोंडाला टेकवली की पानं फाकत. मग पाणी डब्यात खळखळवून त्यातली हवा पेटीत सोडायची. पानं झटकन मिटली, की पाणी वाईट.

"वाईट निघालं तर हीर बुजवायची," गहिनीनाथ पाटील म्हणाले. "माजा बैल बी हितलं पाणी पिऊन बसलाय."

"तुमचा बैल लई दिसांपासून बसलाय, पाटील," शेजारची चतुराबाई म्हणाली. "तवा हीर कुटं होती?"

वाऱ्याने पानं हलू नयेत म्हणून आडोसा हवा होता. आडोसा एकच, दिव्याचा कोनाडा. रुद्रप्पाने दिवा बोटभर सरकवला आणि पेटी आत बसवली.

पानं फाकली आणि लाजाळूसारखी मिटली.

"असं तर मी कुठंच पाहिलं नाही," अर्जुनराव हरखून म्हणाले. मग त्यांना रुद्रप्पाचं तोंड दिसलं आणि त्यांनी हरखणं आवरलं. रुद्रप्पा पायरीवर बसला होता.

"म्हंजे म्याच मारली तिला," तो म्हणाला.

पाटलांनी कुदळी मागवल्या. ताळा घ्यावा म्हणून अर्जुनरावांनी नदीचं पाणी मागवलं. पानं मिटली. पाटलांच्या घरची घागर आली. मिटली. पाटलांनी कुदळी थांबवायला सांगितल्या. चतुराबाईने ताक आणलं. मिटली.

"माज्या ताकाला नावं ठिवू नका, सायेब."

अर्जुनरावांनी हैदराबादेहून आणलेलं स्वतःचं पाणी घातलं. पानं मिटली. ते रुद्रप्पाशेजारी पायरीवर बसले आणि स्वतःची नाडी पाहू लागले.

शेवटी त्यांनी रिकामा डबा लावला. पानं मिटली. रिकाम्या डब्यात काय वाईट असणार? अर्जुनराव पेटीकडे पाहत राहिले, मग पेटीशेजारी पाहत राहिले आणि त्यांचे कान लाल झाले.

"ज्योत जवळ असली की पानं मिटतात," ते हळू म्हणाले. "हे मी कॉलेजात शिकवतो. दिवा विझवावा लागेल."

"ती गेल्यापासून इजला न्हाई त्यो."

"मग विहिरीचं खरं कळणार नाही."

रुद्रप्पाने फुंकर मारली नाही. चिमटीत वात धरली आणि बोटं भाजेपर्यंत सोडली नाही. अर्जुनरावांनी पुन्हा विहिरीचं पाणी लावलं. पानं फाकली ती फाकलेलीच राहिली. पाटलांचं पान चघळून संपलं तरी ती ढिम्म.

"सगळ्या पाण्यात असतं तेवढंच," अर्जुनराव म्हणाले. "तुमची विहीर निर्दोष आहे."

"मंग ती कशानं गेली, सायेब?"

अर्जुनरावांनी पेटी पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. "ते हिच्यात दिसत नाही."

काय करावं न सुचून रुद्रप्पाने पोहरा ओढला आणि त्यांना तांब्या भरून दिला. अर्जुनराव घटाघटा प्यायले. दिवसभरात बऱ्याच चुका झाल्या होत्या, निदान आता तरी खरं बोलावं असं त्यांना वाटलं.

"जरा मचूळ आहे."

पाटील गूळ आठवून मागे सरकले.

"हाय," रुद्रप्पा म्हणाला. "ती बी हेच म्हणायची." आणि त्याने दिवा लावायला काडी मागितली.