डब्यातली अकरा हजार पुस्तकं

डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या गावातल्या वाचनालयात अकरा हजार पुस्तकं आहेत. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, कोणी नेलंय, कधी आणणार, हे सगळं वागिमान नावाच्या माणसानं तीन वर्षं दोन बोटांनी टाइप करून कॉम्प्युटरात भरलंय. मग ती सगळी यादी एका राखाडी टेपवर उतरवून ठेवलीय. टेप केवढी? तुमच्या कंपासपेटीहूनही लहान.

दिसली? आता डोळे उघडा, कारण ती टेप हरवलीय.

सालातिगा नावाच्या शहरातल्या वाचनालयात दर शुक्रवारी वागिमान टेप यंत्रात सरकवायचा. यंत्र अर्धा तास कुरकुरायचं, मग टेप त्याच्याबरोबर घरी जायची. प्रमुख हार्तिनीबाईंचा तसा नियमच होता, "एक नक्कल ऑफिसपासून लांब हवी." टेप महाग, म्हणून एकच. घर दमट, म्हणून वागिमाननं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मूठभर भाजलेले तांदूळ पसरले आणि त्यावर फडक्यात गुंडाळलेली टेप ठेवली.

ईद आली. वागिमानच्या सासूबाईंनी चष्मा न लावताच त्या डब्यात कागद घातला, वर तांदळाचे कुरकुरीत रेंगिनांग भरले आणि डबा शेजारी पाठवून दिला.

ईदच्या तिसऱ्या दिवशी वागिमान वाचनालयात धूळ झटकायला गेला, तेव्हा कॉम्प्युटरनं दोन उचक्या दिल्या आणि तो गप्प झाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "डिस्क गेली. सोमवारी नवी बसवतो. टेप आहे ना?"

"आहे की," म्हणत वागिमान घरी आला आणि कपाटावर हात फिरवत राहिला.

"तो डबा होय? दार्मीकडे गेला," सासूबाई म्हणाल्या. "तळाशी फडकं लागलं हाताला. म्हटलं, असू दे, मऊ बसेल."

आठ वर्षांच्या लेकीला, सेकारला घेऊन वागिमान शेजारच्या दार्मीकाकूंकडे गेला. पण दिलेली भेट परत कशी मागायची? त्यानं चहा घेतला, केक खाल्ला आणि हळूच विचारलं, "डबा आवडला ना?"

"आवडला म्हणजे? आणि आतली ती कॅसेट! रोज ऐकतो आम्ही."

"ती वाजते?" सेकारनं विचारलं.

दार्मीकाकू लाल झाल्या. "खरं सांगू का? टेपरेकॉर्डरात जाईचना. तुम्हाला विचारायचा संकोच वाटला. मग तशीच तळाशी ठेवून वर अननसाच्या वड्या भरल्या, आणि डबा सास्त्रोगुरुजींना दिला." निघताना त्यांनी सेकारच्या खिशात मूठभर गोळ्या कोंबल्या.

गुरुजींकडे पुन्हा चहा, पुन्हा केक. "फार उपयोगी वस्तू हो ती," गुरुजी म्हणाले.

"कशाला उपयोगी पडते?" सेकार.

गुरुजींनी बराच वेळ चष्मा पुसला. "तेवढं काही कळलं नाही. वड्या संपल्यावर डब्यासकट तुमच्या हार्तिनीबाईंकडे पाठवून दिली. शिकलेल्या बाई, त्यांना कळेल." सेकारचा दुसरा खिसाही भरला.

नक्कल जपून ठेवायची सक्त ताकीद देणाऱ्या बाईंकडेच नक्कल मागायला जायचं होतं.

बाईंच्या दिवाणखान्यात डबा समोरच्या कपाटावर झळकत होता. वागिमान खुर्चीच्या कडेवर टेकून लाल सरबत पीत राहिला.

"कॉम्प्युटर बरा आहे ना?" बाईंनी विचारलं.

"बरा आहे," वागिमान सरबताला म्हणाला.

"मेलाय तो," सेकार म्हणाली. "बाबांना डब्यातली टेप हवीय. मागायची लाज वाटते त्यांना."

वागिमाननं मान खाली घातली. बाईंनी उठून डबा खाली काढला. मग त्याच पुटपुटल्या, "टेप मी बघताक्षणी ओळखली होती, वागिमान. वाटलं, नक्कल आणखी लांब ठेवायची म्हणून तुम्हीच पाठवलीत. पण गुरुजींच्या हातून का, हे विचारायची मलाही लाज वाटली."

सोमवारी टेप यंत्रात गेली आणि अकराच्या अकरा हजार पुस्तकं परत आली. पण ते सोमवारचं. त्या दिवशी दिवाणखान्यात बाईंनी टेप वागिमानच्या हातात ठेवली, तेव्हा सेकारनं डबा उचलला, उपडा करून झटकला, आत हात घालून तळ नीट चाचपला. मग दोन्ही खिशांतल्या गोळ्या त्यात ओतल्या, झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांनी बाईंना दिला.