म्हशीची संमती

गिरधरभाई पाटलांच्या गोठ्यात म्हैस व्याली आणि त्याच आठवड्यात त्यांची लेक रंजना माहेरी बाळंत झाली. म्हशीला रेडकू, लेकीला मुलगा. दोन्ही प्रसंग कायदेशीर होते आणि दोन्हींत कुणी हरकत घ्यावी असं काही नव्हतं. त्यांच्या बायकोनं, जसोदाबाईनं, तर मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: चीक वाटायचा, लोणी काढायचं, तूप कढवायचं, लेकीच्या पानात ओतायचं आणि नातवानं अंग धरायचं. म्हैस ते नातू असा सरळ रस्ता. त्या रस्त्यावर आपलाच नवरा आडवा पडेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तापीकाठच्या त्या गावात गुजर पाटलांची घरं मातब्बर. कपाशी, केळी, ऊस, कशाला तोटा नाही. मांस-मच्छी मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुणी तोंडाला लावलेली नाही. गिरधरभाईंची अडचण नेमकी इथंच होती. माणसाला मोठं व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतं, आणि यांच्याकडं सोडायलाच काही नव्हतं. फोटोपुरतं श्रमदान करून झालं होतं. पोटावर मातीचा लेपही लावून झाला होता. अशात ते सरकीची ढेप आणायला नंदुरबारला गेले आणि ढेप विसरून प्रवचन घेऊन आले. कुणा पाहुण्या स्वामींनी सांगितलं होतं, की दूध पिणं म्हणजे वासराच्या घरावर धाड घालणं. गिरधरभाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. दूध सोडता येईल!

पंधरवड्यात 'पशुऋणमुक्ती समिती' उभी राहिली. अध्यक्ष गिरधरभाई. चिटणीस बन्सीलाल, त्याचं गावात किराण्याचं दुकान होतं आणि त्याला सरकारी मराठी येत होती. बाकी कुणाला ती येत नसल्यामुळे तो जे लिही तो ठराव होई.

पहिल्या ठरावानं दूध, दही, लोणी, तूप बंद झालं. दुसऱ्यानं चामडं. यावर मागून कुणीतरी विचारलं, "आनि मोट, भो? विहिरवरनी मोट तं चामडानीच शे ना!"

मोट बंद म्हणजे केळी बंद. बन्सीलालनं कानावरचा टाक काढला. "समितीच्या स्थापनेपूर्वी मयत झालेल्या जनावरांस हा ठराव लागू राहणार नाही." सगळ्यांनी श्वास सोडला. पूजेचं रेशमी सोवळंही त्याच वाटेनं सुटलं. त्यातले किडे जुनेच मेलेले होते. बोंडअळी जरा जड गेली. कपाशीवर भुकटी मारली, की लाखांनी जीव जात. बरीच चर्चा होऊन ठरलं, की अळी हा जीव नसून रोग आहे, आणि रोगावर दया करायला स्वामींनी सांगितलेलं नाही. चहाला मात्र वेळ लागला नाही. "दूध चहामा पडनं का ते चहाच व्हई जास," एक म्हातारा म्हणाला आणि त्याच बैठकीत कप फिरले. कुठंतरी रेघ मारावीच लागते, आणि समितीची रेघ दर वेळी सभासदांच्या बांधाला वळसा घालून जात होती.

मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती. ज्याला प्यायचीच असे त्याला तब्येतीच्या कारणानं परमिट मिळे. बन्सीलालनं तीच व्यवस्था दुधाला लावली. झालं! गावातले धडधाकट गडी खोकायला लागले. आखाड्यातल्या पहिलवानाला दम लागला. सरपंचांनी तर 'कायमचे व्यसनी' या वर्गात नाव घातलं आणि लोटा घेऊन उजळ माथ्यानं फिरू लागले. एकच घर कोरडं राहिलं. अध्यक्षांचं.

समिती पाटलांच्याच ओट्यावर भरे. जसोदाबाई तिथं आली. "मन्ही रंजनासाठे परमिट द्या. पोरगीले दूध उतरी नई ऱ्हायनं. बाळ रातदिन रडस."

"बाळंतपण हा रोग नाही, जसोदाबेन," बन्सीलाल म्हणाला. "ती नैसर्गिक अवस्था आहे."

"मंग तिले देऊ नका. बाळले द्या."

"अर्जदार सज्ञान पाहिजे."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. गिरधरभाई छताकडं पाहत होते. "अध्यक्षनं घर शे आपलं," ते म्हणाले. "आपनच परमिट लिधं तं लोके काय म्हनतीन?"

"लोके पी ऱ्हायनात! पेता पेता म्हनतीन!"

इकडं रेडकू आख्ख्या म्हशीचं दूध एकटं पीत होतं. ते फुगलं, मग त्याला हगवण लागली. गिरधरभाईंनी शहाद्याहून ढोरांचा डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, "दूध कमी पाजा." त्याला समितीचा शत्रू ठरवून परत पाठवण्यात आलं. त्याच वेळी घरात नातू साखरपाण्यात भिजवलेली चिंधी चोखत होता. जसोदाबाई एकदा चोरून धार काढायला गेली, तेव्हापासून गिरधरभाईंनी गोठ्यात खाट टाकली. लग्न झाल्यापासून त्यांनी एवढी राखण दुसऱ्या कशाचीच केली नव्हती.

नातवाची टाळू खोल गेली तेव्हा तातडीची सभा भरली. जसोदाबाई दारात उभी राहून म्हणाली, "आज बाळले दूध नई भेटनं ना, तं म्हैसनं दावं सोडसू आनि हाई समिती तिन्हा शिंगवर देसू." धमकी गंभीर होती. बन्सीलालनं बराच वेळ कान खाजवला.

"मूळ तत्त्व काय?" तो म्हणाला. "म्हशीचं दूध का घ्यायचं नाही? तिची संमती नाही म्हणून. तिला बोलता येत नाही. म्हणजे ज्या जीवाला बोलता येतं, त्याचं दूध घ्यायला तत्त्वाची हरकत नाही. गिरधरभाई, तुमच्या सालदाराची बायको ओली बाळंतीण आहे ना?"

गिरधरभाईंचा सालदार सुकलाल काठी गावाकडच्या डोंगरातून वर्षाच्या बोलीनं कामाला आलेला. त्याची बायको रूपली गोठ्यातलं शेण काढी, आणि तिचं तान्हं गोठ्यामागच्या झोपडीत झोळीत असे.

"तिले इचारानं का?" गिरधरभाईंनी विचारलं.

"विचारायचं कशाला? तिला बोलता येतं, एवढं पुरे आहे."

एक तांत्रिक अडचण निघाली. रूपलीच्या हातचं पाणी पाटलांच्या घरात चालत नव्हतं. त्यावरही ठराव झाला, की पाणी आणि दूध हे भिन्न पदार्थ असून पाण्याचे नियम दुधास लागू नाहीत. तथापि पाजणारीनं उंबऱ्याच्या आत येऊ नये.

रूपली ओट्याच्या पायरीवर बसली. जसोदाबाईनं नातू वरून तिच्या मांडीवर सोडला.

"म्हैसले सुटी कसाले दिधी, बाई?" रूपलीनं विचारलं.

"तिन्हा दूधवर तिन्हा पिलाना हक शे, आसं म्हनतस."

"आसं?" बाळ लुचायला लागलं होतं. "मंग मन्हा पोरना हक कथा गया? म्हैस लाथ मारस म्हनून तिले भेतस का? सांगा तं. मी बी शिकी लेसू."

जसोदाबाई हसली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण एकटीच हसलो.

नातवानं अंग धरलं. गालांवर तकाकी आली, मुठी वळायला लागला. रूपलीचं पोर ज्वारीच्या पिठाच्या पाण्यावर आलं. ते आधी फार रडे. मग त्याचं रडणं कमी कमी होत गेलं, आणि गावात शांतता नांदू लागल्याबद्दल समितीनं समाधान व्यक्त केलं.

जसोदाबाईला मात्र जेवण जाईना. ती बन्सीलालच्या दुकानात गेली. "रूपलीना पोरले म्हैसनं दूध देऊ द्या. रेडकू पी पी थकनं, तरी उरी ऱ्हायनं."

"झोपडी गावठाणाबाहेर आहे," बन्सीलाल म्हणाला. "समितीचं कार्यक्षेत्र गावठाणापुरतं."

"मंग परवानगी कसाले लागस? देस मी!"

"पण म्हैस गावठाणात आहे, जसोदाबेन."

दुसऱ्या दिवशी गिरधरभाई शहाद्याला सत्कार घ्यायला गेले. खाट रिकामी होती. जसोदाबाई लोटा घेऊन गोठ्यात शिरली. म्हैस पान्हावलेली होती. कुडापलीकडं झोळीतलं पोर बारीक आवाजात कण्हत होतं, मांजराच्या पिलासारखं. तिनं आचळाला हात घातला. दोन धारा लोट्यात वाजल्या, आणि घरातून नातू रडला.

भूक लागली होती त्याला. ते रडणं ती शंभरांत ओळखत असे. तिचा हात थांबला. तिनं लोटा खाली ठेवला, पदर सावरत बाहेर आली आणि रूपली कामाला गेली होती त्या केळीच्या बागेकडं तोंड करून जोरानं हाक मारली, "रूपली व! ये ना लवकर, बाळ रडी ऱ्हायना!"

मागं रेडकानं लोट्यात तोंड घातलं.

पुढच्या हंगामात गिरधरभाईंना मीठ सोडायचा शोध लागला आणि पशुऋणमुक्ती समिती मोडली. घरोघर ताक घुसळलं जाऊ लागलं, आजारी गडी बरे झाले, रंजनाच्या पानात तुपाची धार पडली. रूपलीचं पायरीवर बसणं तेवढं चालू राहिलं. ते बंद करायला ठराव लागला असता, आणि ठराव करायला समितीच उरली नव्हती.

जसोदाबाईला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. फक्त जरा हळू ठेवा. तुमच्या मोरीवर भांडी घासणारी बाई तान्हं पोर घरी टाकून आलेली आहे, आणि ती हात पुसून निघाली असताना, जाता जाता तेवढी दुधाची पातेली घासून जा, असं तुम्ही आत्ताच तिला सांगितलंत.