गौरम्माची तबकडी

रिठ्याच्या पाण्यानं धुऊन लोडावर वाळत ठेवलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीवर जगदेवप्पा बसले, तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज झाला. कोहिनूर गावचे हे कापडवाले डोक्याला रुमाल गुंडाळण्यात गुंग होते. दचकून उठतात तो तबकडीचे तीन तुकडे!

गावची गायिका गौरम्मा साऱ्या हैदराबाद संस्थानात नाव काढून गेली, पण तिचा आवाज मागं उरला तो या एकाच तबकडीत. आज तिची पहिली पुण्यतिथी. तीस वर्षं तिला तबल्यावर साथ करणारे गुरुलिंगअप्पा तो आवाज ऐकायला मुद्दाम गुलबर्ग्याहून येत होते. बोलावणं जगदेवप्पांनीच धाडलं होतं.

"अवो, गाडी वेशीत आली!" म्हणत त्यांची बायको महादेवी आत आली आणि तुकडे पाहून थबकली. "ह्ये काय केलात?"

"म्या काय केलो न्हाई. नुसता बसलो."

"आता?"

"आता तू गा."

"मी? खुळे झालाव का?"

"ही पलेट वाजायली की तू चुलीपुढं गुणगुणतीस. गप बस म्हणून रोज मीच वरडतो की! पडद्याच्या आड बस, भोंग्याला तोंड लाव. तीन मिनिटं गा. शेवटाला पलेटीत हाय तसं गाणारणीचं नाव-गाव सांग, की सुटलो."

चार वाजता सोपा माणसांनी गच्च भरला. गुरुलिंगअप्पा आले ते काखेत तंबोरा घेऊनच.

"गौरम्माचा हाय," ते म्हणाले. "माझ्या घरात वरीसभर मुका पडलाय. म्हटलं, त्यालाबी तिचा आवाज ऐकू दे."

जगदेवप्पांनी तंबोऱ्याकडं पाठ केली. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा, पडद्याला टेकून ग्रामोफोन, त्यावर एक भजनाची तबकडी आणि सुई अधांतरी. त्यांनी चावी दिली.

भीमपलास सुरू झाला. गुरुलिंगअप्पांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली, डोळे भरून आले. तीन मिनिटं झाली. पाच झाली. महादेवीला रोज मधेच गप करणारं आज कुणी नव्हतं; ती तानांमागून ताना घेत सुटली. इकडं चावी उतरली, तबकडी गरगरता गरगरता थांबली, आणि गाणं मात्र द्रुत लयीत चाललेलं!

"आरं, पलेट थांबली!" पुढं बसलेले भीमण्णा ओरडले. "बाई गायलीयच की!"

"जुनी मिशन हाय, असंच करती," म्हणत जगदेवप्पांनी घाईनं चावी फिरवली. दांडा हातात आला. तो घेऊन ते देवळात आरतीला उभं राहावं तसे उभे राहिले. वरची तान आभाळाला भिडली, समेवर उतरली आणि भोंग्यातून ठसक्यात आवाज आला,

"महादेवी, कोहिनूर!"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा सोपा लोळायला लागला. हसता हसता गुरुलिंगअप्पांनी पडदा सारला. पिठाच्या हातांनी तोंड झाकून महादेवी बसली होती.

"लेकी, कुणाकडं शिकलीस?"

"ह्यांच्या पलेटीकडं," ती पुटपुटली. "आज ती मोडली."

म्हाताऱ्यानं तिच्या मांडीवर तंबोरा ठेवला. "मी म्हैनाभर हितंच ऱ्हातो. उद्यापासून पहाटं बसायचं."

"पहाटं? मग सैपाक कोण करणार, अप्पा?"

साऱ्या गावानं माना वळवून जगदेवप्पांकडं पाहिलं. हातातला दांडा त्यांनी हळूच खाली ठेवला.

"पिठात पाणी," त्यांनी खोल आवाजात विचारलं, "गरम घालायचं का गार?"