हिरव्या दिव्याचं माहितीपुस्तक

दोन हजार सतरा साली आमच्या प्रकल्पाचं माहितीपुस्तक अजून हाताने तयार होत होतं, आणि ही गोष्ट माझ्याखेरीज सगळ्यांना लाजिरवाणी वाटू लागली होती.

प्रकल्प कानाच्या यंत्राचा. बाजारात जुळवून मिळणारी यंत्रं महाग, म्हणून काही परोपकारी मंडळींनी एक प्रोग्राम लिहिला. त्यामुळे स्वस्तातलं यंत्र घरच्या घरी संगणकावरून कानाला जुळवता येई. हा प्रोग्राम त्यांनी जगाला फुकट आणि उघडा ठेवला होता. याला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही बघावं. कुणीही बघू शकत असल्यामुळे दुसरं कुणीतरी बघत असेलच, या विश्वासाने कुणीच बघत नसे.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते, तेव्हा माहितीपुस्तकाचं काम अंगावर घेतलं. पद्धत साधी होती. प्रोग्राम लिहिणारा दाढीवाला दर शनिवारी काय बदललं ते तोंडी सांगे. मी ते माणसांच्या भाषेत लिहून काढी आणि घरी नेऊन आक्कांपुढे ठेवी. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. आमच्याकडेच राहत. कान दोन्ही अधू आणि जीभ मात्र दोन माणसांची. त्या पान वाचून स्वतःचं यंत्र स्वतः जुळवायला बसत. जमलं तर पान वेबसाइटवर जाई. नाही जमलं तर माझ्या अंगावर येई.

"कुणासाठी लिहिलंयस हे, अगं? ज्याला आधीच येतंय त्याच्यासाठी?"

आक्कांना यंत्र हवं होतं ते एकाच कामासाठी. त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात संसाराला लागलेली, ती दर रविवारी फोन करी. बाकीचे सहा दिवस जग काय बोलतं हे कळलं नाही तरी आक्कांचं काही अडत नसे. उलट तेवढीच विश्रांती, असं त्यांचं मत होतं. पण रविवारी सकाळपासून त्या यंत्र पुसून, कानात बसवून फोनशेजारी बसलेल्या असत.

प्रकल्पाची कचेरी म्हणजे टायर दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. खिडकी उघडली की रबराचा वास, न उघडली की आमचा. तिथे एका बैठकीत एका नव्या सभासदाने ठराव मांडला की, पुस्तक हाताने करणं बंद करावं. प्रोग्राम बदलला की संगणकाने स्वतःच सगळी पानं गोळा करावीत, जुळवावीत आणि वेबसाइटवर मांडावीत. याला बिल्ड म्हणतात. "आणि हे सगळं आपोआप होईल," असं तो दर वाक्याच्या शेवटी म्हणाला. तेव्हापासून त्याचं नावच आपोआप पडलं.

"काकू, समजा शनिवारी तुम्ही आजारी पडलात तर?" त्याने मला विचारलं.

"तर रविवारी लिहीन."

"आणि रविवारीही आजारी असलात तर?"

"तर तू मला बघायला ये."

सगळे हसले आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

बिल्ड नीट झालं की नाही हे लांबून कळावं म्हणून आपोआपने भिंतीवर एक दिवा बसवला. नीट झालं तर हिरवा, फसलं तर लाल. अध्यक्षांनी कळ दाबून उद्घाटन केलं. दिवा लाल लागला.

तीन आठवडे आपोआप चूक शोधत होता. शेवटी चूक सापडली. संगणक बिल्ड करताना पडद्यावर स्वतःशी जे पुटपुटतो, त्यात 'चूक' हा शब्द कुठल्याही रूपात आला तर दिवा लाल करायचा, असा नियम त्याने घातला होता. संगणक प्रत्येक पान वाचत वाचत पुटपुटे. आणि आमच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण होतं 'नेहमीच्या चुका आणि त्यांवरचे उपाय'.

"मग तो नियम काढ की," मी म्हटलं.

"काढता येईल काकू. पण मग एखादी खरी चूक निसटली तर?"

अध्यक्ष पूर्वी कुठल्याशा महामंडळात होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "उद्घाटन झालेल्या दिव्यावर संशय घेणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा काकूंनी प्रकरणाचं नाव बदलावं."

मी 'चूक' काढून 'अडचण' घातलं. दिवा हिरवा झाला. टाळ्या वाजल्या. पुढच्याच बैठकीत आपोआपने निदर्शनास आणलं की ही सरळसरळ पळवाट आहे, आणि नियमाचा आत्मा जपायचा असेल तर 'अडचण'ही यादीत घ्यायला हवी. आत्मा जपण्यात आला. मग मी 'बिघाड' लिहिलं, तोही गेला. मग 'त्रास', मग 'बंद', मग 'हरवले'. असं करता करता यादी पुस्तकापेक्षा जाड झाली. ज्या पानात यादीतला शब्द सापडे ते पान संगणक आपोआप बाहेर टाकू लागला. दिवा पिकल्या पानाइतका स्थिर झाला. माफ करा, पिकलेलं पान पिवळं असतं. हिरव्या पानाइतका म्हणू.

पुस्तकात आता फक्त अशाच गोष्टींची पानं उरली होती ज्या कधीच बिघडत नाहीत. खोका कसा उघडावा. प्रकल्पाची उद्दिष्टं. अध्यक्षांचं मनोगत.

त्याच सुमारास प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. ती बसवल्यावर पहिल्याच रविवारी आक्कांनी फोन कानाशी नेला, मुलीचे दोन शब्द ऐकू आले आणि यंत्रातून अशी शिट्टी निघाली की त्यांनी फोन फेकलाच.

"तिचं काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं," त्या दिवसभर म्हणत राहिल्या. "आवाज निराळा होता तिचा. तुमच्या त्या दाढीवाल्याला विचार आणि मला पान आणून दे."

मी दाढीवाल्याला गाठलं. "अरे बाबा, फोन कानाशी नेला की शिट्टी वाजते. करायचं काय?"

"त्याचं पान आहे काकू. मी स्वतः लिहिलंय."

"पुस्तकात नाही."

"मग बिल्ड फसलं असेल."

"दिवा हिरवा आहे."

त्याने मान वर करून दिव्याकडे पाहिलं. "मग पान आहे."

"मी शोधलं रे. नाहीये."

"काकू, दिवा हिरवा आहे ना? मग आहे."

"बरं, आहे. पण लिहिलंस तूच ना? तोंडी सांग."

दाढीवाला कासावीस झाला. "तोंडी सांगायला परवानगी नाही आता. माहिती एकाच ठिकाणची खरी मानायची, असा ठराव झालाय. इतिवृत्त तुमच्याच अक्षरात आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगू का? लिहून ठेवलं होतं ना, म्हणून विसरलो."

"जुनी पानं परत आणता येतात म्हणे."

"येतात की! ओपन सोर्समध्ये एकही अक्षर कधी नष्ट होत नाही. कसं आणायचं ते 'हरवलेलं पान परत कसं मिळवावं' या पानावर दिलंय."

'हरवले' यादीत जाऊन महिना होऊन गेला होता.

मी बैठकीत तक्रार केली. अख्खं पान फेकणं फार होतं, हे अध्यक्षांनाही पटलं. त्यांनी मधला मार्ग काढला. संगणकाने पान ठेवावं आणि तेवढे शब्द गाळावेत. शिवाय 'नका', 'नये' हे शब्द पुस्तकाला नकारात्मक सूर लावतात, सबब तेही गाळावेत. आपोआपने ते एका दुपारीत जमवलं. मला वाटलं, निदान पान तरी परत आलं.

आलं. इतरही आली. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, 'यंत्र पाण्यात बुडवू नका. कानात घालून झोपू नका.' आता तिथे होतं, 'यंत्र पाण्यात बुडवू. कानात घालून झोपू.' वाचणाऱ्याला वाटावं, आपण सगळे मिळून सहलीला निघालो आहोत. एका सद्गृहस्थांचं पत्र आलं, 'बुडवलं. पुढे?'

शिट्टीच्या पानावर मूळ मजकूर असा असावा: 'फोन कानाशी नेल्यावर शिट्टी वाजल्यास घाबरू नका. आवाज वाढवू नका.' पुढे कुठलीशी कळ दाबायची सूचना होती. त्या कळीच्या नावातच 'बंद' असल्यामुळे कळ गेली. उरलं ते मी आक्कांपुढे ठेवण्याआधीच त्यांनी संगणकावर वाचलं: 'फोन कानाशी नेल्यावर शिट्टी वाजल्यास घाबरू. आवाज वाढवू.'

आक्का शिस्तीच्या. त्यांनी घाबरून आवाज वाढवला.

ती शिट्टी खालच्या गल्लीपर्यंत गेली. दोन रिकाम्या रिक्षा थांबल्या आणि शेजारच्यांचा कुत्रा संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर आला नाही. आक्कांनी यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि कपाटात सर्वांत खाली, हिवाळी कपड्यांच्या तळाशी ठेवून दिलं.

असे आणखी बरेच लोक असावेत. पण वेबसाइटवरच्या तक्रारपेटीलाही आता तीच शब्दांची गाळणी लावलेली होती. 'यंत्र बंद पडले, फार त्रास होतो' हे वाक्य पेटीत 'यंत्र पडले, फार होतो' असं पोचे, आणि ते अभिप्राय म्हणून नोंदलं जाई. पुढे अभिप्रायही येईनासे झाले. वार्षिक अहवालात अध्यक्षांनी लिहिलं, 'तक्रारींचे प्रमाण शून्यावर आले असून, पुस्तक परिपूर्ण झाल्याचा याहून मोठा पुरावा संभवत नाही.' चहा झाला, बिस्किटं झाली. दुसऱ्या तीन प्रकल्पांनी आमची यादी जशीच्या तशी उचलली. फुकटच होती.

आणि रविवारी आक्का काय करीत होत्या?

फोन आला की उचलत. यंत्र नाहीच, त्यामुळे पलीकडून नुसती घरघर. त्या अंदाजाने थांबत, मग म्हणत, "हो का? छान. इकडे सगळं छान." पुन्हा थांबत. "वा, फारच छान."

मी खुणेने विचारलं, हे काय?

"तिला कळायला नको," त्या म्हणाल्या. "आईला ऐकू येत नाही म्हटलं की ती बिचारी फोनच करायची नाही. आणि तू कशाला डोळे वटारतेस? तुमच्या दिव्याला तरी कुठे ऐकू येतं? हिरवा असतो ना? सगळे खूश असतात ना?"



एका गुरुवारी दुपारी दारात मुलगी उभी. दोन्ही हातांत बॅगा. मी आक्कांना बाहेर बोलावलं. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तुझ्यामुळे हिंमत झाली गं. मी म्हटलं, त्याच्याबरोबर आता एक दिवसही काढवत नाही. तू म्हणालीस, छान. मी म्हटलं, घर सोडलं तर नोकरीही सुटेल. तू म्हणालीस, हे तर फारच छान. मी रडत होते, आणि तू इतकी शांत!"

आक्कांना तिचे ओठ हलताना दिसले. सवयीने त्या म्हणाल्या, "वा, छान."

मुलीने हळूच मागे होऊन त्यांच्या रिकाम्या कानांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मामी, आईला ऐकू येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"नव्या आवृत्तीपासून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून यंत्र काढलं, आईला समोर बसवलं आणि प्रोग्राममधली एकेक कळ चाळवत गेली. "आता कसं?" "वाईट." "आता?" "त्याहून वाईट." "आता?" "हे तर त्या शिट्टीचं लग्न लागल्यासारखं वाटतंय." अख्खा दिवस आक्कांच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नाही. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस, ऐकू येतंय." मग मुलीने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आक्कांनी ऐकलं, आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं तेव्हा ऐकू आलं नाही. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून तुला तिथेच ठेवली असती मी."

आपोआप पुढे मोठ्या कंपनीत गेला, त्याच्या हाताखाली म्हणे भिंतभर दिवे आहेत. दाढीवाल्याने दाढी काढली आणि कानाच्या महाग यंत्रांच्या दुकानात बसला. तिथे तो गिऱ्हाइकांना सगळं तोंडी सांगतो. अध्यक्ष माहितीच्या पारदर्शकतेवर भाषणं देत फिरतात. कचेरीतला दिवा एके दिवशी उडाला. तो लाल नसल्यामुळे हिरवा धरावा, असा ठराव झाला. त्याचं इतिवृत्त लिहून मी घरी आले ती पुन्हा गेले नाही. पुस्तक अजून वेबसाइटवर आहे. त्यात एकच पान उरलंय, 'सुस्वागतम्'. ते क्षणात बिल्ड होतं. मुलगी कचेरीखालच्या टायरवाल्याकडे हिशेबाला लागली, आणि आक्का गेल्या तोपर्यंत रोज रात्री तिच्याशी भांडत होत्या, दोघींना एकमेकींचं स्वच्छ ऐकू येत होतं.

हे सगळं मी एका परिचितांना वाचायला दिलं. पहिलं पान उलटायच्या आधीच ते म्हणाले, "छान आहे." तुम्ही निदान शेवटपर्यंत आलात. आता घरात कुणी विचारेल, काय वाचत होता, कसं आहे? काय म्हणणार आहात, ते मला इथे बसून ऐकू येतंय.