हरीची पाचवी तार

आमच्या मुरुडच्या कोळीवाड्यात हरीने एक गाणं सलग वाजवलेलं कोणी ऐकलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. मी त्याला पापलेट खाऊ घालीन. हरीचा सगळा वेळ बेंजोच्या खुंट्या पिळण्यात जातो. "थांब जरा, उतरवतो," म्हणतो आणि तारा सैल करत बसतो. तेवढ्यात म्हसळ्याची एसटी येऊन निघूनही जाते.

बेंजो त्याचा पाच तारांचा, परदेशी. जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता तेव्हा कुठल्याशा बंदरातून आणलेला. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्येच. माझा बेंजो आपला बटणांचा. स्पीकरवर लावला की खाडीपलीकडे ऐकू जातो. माझी बेंजो-पार्टी आहे, पार्टीला गणवेश आहे. तरी बायका जाऊन बसतात त्याच्या ओट्यावर. जळू नको तर काय करू?

कहर केला माझ्याच लेकीने, स्वतःच्या लग्नात. "बाबा, वरातीला तुम्ही. हळदीला मात्र हरीकाका." माझ्याच मांडवात मला बाजूला बसवलं. दोन दिवस घास गोड लागला नाही.

हरीची आई सोनाआय धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले गाणारी. म्हातारी झाली तरी तिच्या धवल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. हरी तिला खेटून बसला. मी समोर, तो कधी चुकतो याची वाट बघत. कान टवकारून होतो म्हणूनच कळलं. गाता गाता म्हातारीचा सूर खाली घसरला, तसा याने दोन कडव्यांच्या मध्ये खुंट्या पिळल्या आणि बेंजो तिच्याबरोबर खाली आणला. बाकी कोणाला पत्ताही नाही.

जेवणं उरकल्यावर मी त्याला त्याच्या ओट्यावर गाठलं. "काय रे ही रोजची पिळापिळी?"

"आये काल जिथं गात होती तिथं आज पोचत न्हाय. सकाळी चहा देताना तिला गुणगुणायला लावतो. तेवढं उतरवतो."

"मग ही पाचवी का नाही उतरवलीस? वाजवतही नाहीस."

हरीने त्या तारेवरून नुसतं बोट फिरवलं. "मी जहाजावर गेलो तवा आयेचा सूर हितं लागायचा. ती ऱ्हाऊ दे तशीच."

माझी आईही मासळी निवडताना गुणगुणायची. घरी जाताना तिचा आवाज आठवून बघितला. आठवेना. हरीवर आजवर पुष्कळ जळलो, पण एवढा कधीच नाही.