रुमालाखालचा लिलाव

नंदकिशोर पाटकर घरातून निघाले ते कपाट आणायला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण थोड्याच वेळात खुद्द पाटकरही ते विसरणार आहेत.

वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांच्या बायकोच्या, मीनाच्या साड्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतच होत्या. पावसाळ्यात साड्यांना बुरशी यायची आणि मीनाला रडू. साड्यांना फॉल लावून लावून तिने सातशे रुपये जमवले होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या विमलबाई कायमच्या रत्नागिरीला निघाल्या. त्यांच्या सामानाचा रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये लिलाव होता, आणि त्यात लोखंडी कपाट होतं.

"आधी कपाट," पैसे देताना मीनाने बजावलं. "बाकी कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी हमाल घेऊन येते."

पाटकर फक्त बघणार होते. (बघायला काय पैसे पडतात?)

हॉलमधल्या टेबलावर बिस्किटांचा जुना डबा होता आणि डब्यात चित्रांची कार्डं. पाटकरांनी डबा दोन्ही हातांनी जवळ ओढला. पूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून निघायची ती क्रिकेटवाल्यांची कार्डं ते शाळेपासून जमवत होते. हीसुद्धा त्यातलीच असणार. टोपी होती, बॅट होती. पण बॅट सोट्यासारखी गोल! स्टंप नाहीत, पॅड नाहीत. एका विकेटकीपरच्या एकाच हातात ग्लोव्ह. (दुसरा धुवायला टाकला असेल.)

"कुठली हो ही, विमलबाई?"

"बोटीवर होता ना माझा भाऊ. त्याने आणली कुठूनशी. पन्नास वर्षं जुनी तरी असतील."

पाटकरांनी कार्ड उलटं केलं. सरासरी, शून्य पूर्णांक तीनशे बारा. म्हणजे हा बाबा दर इनिंगला एक रनसुद्धा काढत नव्हता! असल्या माणसाचा फोटो छापला कोणी?

(ती बेसबॉलची कार्डं होती. पण हे त्यांना सांगणार कोण?)

बराच वेळ गोंधळून झाल्यावर पाटकरांच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळंच चुकीचं छापलंय! आणि चुकलेल्या छपाईला तर जमवणाऱ्यांत सोन्याचा भाव असतो. आता हा डबा गेला तर आपण जन्मात तोंड दाखवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कोणाला, ते ठरवायला वेळ नव्हता.

लिलाव चालवायला शिवरामशेठ होते. ते कांदा-बटाट्याचे दलाल, म्हणून लिलावातलं कळणारे सोसायटीत तेच एक. त्यांनी खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला.

"आमच्या बाजारात वराडत न्हाईत," ते म्हणाले. "रुमालाखाली हात द्यायचा. एक बोट दाबलं की शंभर. कुनी काय दाबलं, ते माल सुटंपर्यंत मी सांगनार न्हाय. आता ह्यो डबा आनि कपाट, दोन्हीची बोली संगंच. ज्याला जे पायजे त्यानं कानात सांगायचं."

पाटकरांनी 'डबा' म्हणून एक बोट दाबलं. शेठ गंगाराम मास्तरांकडे गेले. रुमालाखाली बरीच हालचाल झाली. पाटकरांना घाम फुटला. म्हणजे मास्तरांनाही कळलंय! त्यांनी शेठना परत बोलावून तीन बोटं दाबली. शेठ बँकेतल्या दिलीपरावांकडे वळले. दिलीपराव हसले. पाटकरांनी शेठचा अख्खा पंजाच धरला. शेठनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पण बाजाराचा नियम म्हणून बोलले नाहीत. मास्तरांनी पुन्हा हात दिला तेव्हा मात्र पाटकरांनी धावत जाऊन पंजा आणि वर दोन बोटं दाबली.

"डबा पाटकरसायबांचा, सातशेला!" शेठनी जाहीर केलं. "कपाट मास्तरांचं, पाचशेला."

कपाट! पाटकरांना ते आत्ता कुठे आठवलं.

"शेठ, डब्याला माझ्या खालोखाल कोण होतं हो?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"खालोखाल?" शेठ रुमाल झटकत म्हणाले. "डब्याला दुसऱ्या कुनी हातच दिला न्हाय. ती समदी कपाटावर होती. तुमीच तुमच्यावर चढत व्हता. मला वाटलं, विमलबाईला मदत करताय."

तेवढ्यात मीना आली, मागे दोन हमाल. तिने मास्तरांच्या कपाटाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या हातातल्या डब्याकडे. तिचे डोळे भरून आले. पाटकरांना इतकी लाज वाटली की सरासरीचा खुलासा त्यांनी घशातच गिळला.

"बाई, काय उचलायचं?" हमालाने विचारलं. "आमी पैसे आधीच घेतलेत."

मीनाने पदराने डोळे पुसले. "घेतलेत ना? मग उचला."

एका हमालाने डबा डोक्यावर घेतला. दुसऱ्याने झाकण. मागून पाटकर, रिकाम्या हातांनी.

जिन्यात शेजारच्या गिरजाबाई भेटल्या. "काय गं मीना, काय आणलंस?"

"कपाट," मीना म्हणाली. "जरा बाजूला व्हा, वळवायला जागा लागेल."