मामाच्या उंबऱ्याला पाणी

पाहुणा घरी आला की आपण त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतो. माझा भूपालमामा तो तांब्या उचलतो, दाराबाहेर जातो आणि जमिनीवर ओततो. मग चवड्यांवर बसून बघत राहतो. पाणी चटकन मुरलं तर "ब्येस" म्हणून आत येतो आणि दुसरा तांब्या मागतो. तो मात्र पितो. मुरलं नाही तर त्या घरचा चहासुद्धा त्याच्या घशाखाली उतरत नाही. "आदी जमीन पितीय का बघावं, मग मानसानं प्यावं," हे त्याचं म्हणणं.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरापुढे जमीन नावाची वस्तूच नाही. गल्लीभर सिमेंट, आणि दारासमोर मी स्वतः हौसेनं बसवून घेतलेल्या फरश्या. मामानं त्या नव्या फरश्यांवर पहिल्यांदा तांब्या रिकामा केला तेव्हा पाणी ऐटीत घरंगळत निघालं आणि शेजारच्या वहिनींच्या चपला भिजवून गटारात उतरलं. वहिनी तणतणत बाहेर आल्या. मामा त्यांना म्हणाला, "चपलांचं सोडा हो बाई. तुमच्या गल्लीला तोंडच न्हाय! ह्यो तांब्या आता गटारातनं पंचगंगेला, आनि तिथनं माझ्या दारात. तुमी फरश्या घाला, आमी माळ्यावर बसतो."

तेव्हापासून मामा यायचा म्हटलं की वहिनी चपला घरात घेतात.

मामा राहतो शिरोळ तालुक्यात, पंचगंगा जिला मिळते त्या कृष्णेच्या काठी. थोडा ऊस, एक म्हैस, आणि मागच्या भिंतीवर दर पुराच्या ओलीनं सोडलेल्या रेघा असलेलं घर. लग्न झालेलं नाही. म्हणजे होता होता राहिलं. तरुणपणी मुलगी बघायला गेला तेव्हा पोहे यायच्या आधीच यानं अंगणात तांब्या ओतला. पाणी तसंच थबकून राहिलं. मामा मुलीच्या वडिलांना म्हणाला, "पावणं, म्हापुरात तुमच्या चुलीत बेडूक बसणार बघा." मुलगी आत पडद्यामागं होती, ती आतच राहिली. पुढं त्या अंगणात खरंच पाणी आलं, पण त्याचा उपयोग इतकाच झाला की ते लोक पूर यानंच आणला असं समजून मामावर कायमचे रागावले. "मुलगी बघायला गेला आणि अंगण बघून आला," असं माझी आई अखेरपर्यंत सांगायची. सांगताना हसायची, आणि हसून झाल्यावर भावासाठी बरणीत लोणचं भरायला बसायची.

मामाला माणसांची नावं आठवत नाहीत, पण जमिनी आठवतात. "तुझा त्यो मुरमाचा मित्र काय म्हंतोय?" असं तो विचारतो. म्हणजे ज्याच्या दारात मुरूम आहे तो. काळ्या मातीवर त्याचा जीव. "काळी उन्हाळ्यात भेगाळती, तवा पयला पाऊस ढसाढसा पिती. भेगा मिटल्या की तोंड मिटलं. मग पडंल त्यो थेंब पळतोय. त्यालाच तुमी पूर म्हंतासा." आणि उन्हाळ्यात नदीला जे थोडं पाणी असतं, ते कुठून येतं? ते मी एकदा विचारलं, कारण जेवण वाढायला उशीर होता. मामा म्हणाला, "ते ढगाचं न्हवं. जमिनीनं पोटात धरून ठिवलेलं असतंय, ते पाझरतंय हळूहळू. पाऊस न्हाय तवा नदी त्याच्यावर जगती." मग ताट आल्यावर बराच वेळ भातात आमटी कालवत बसला.

या ज्ञानाचा प्रसार तो फोनवरून करतो. पावसाळ्यात पहाटे धरणाचे आकडे, उन्हाळ्यात विहिरीचा तळ. फोन सुरू झाला की तो स्पीकरवर टाकून मी दाढी करतो, अंघोळ करतो, कधी दुकानाची किल्ली शोधतो. मध्येच "व्हय, व्हय" म्हणायचं. माझी बायको सुनीता म्हणते, "तुमच्या 'व्हय'च्या आधीच ते पुढं गेलेले असतात. त्यांना 'व्हय' नकोच असतं."

पण पुराच्या बाबतीत मामाचा शब्द आमच्या घरात शेवटचा. त्याचा नियम असा की आपल्या डोक्यावरचं आभाळ बघायचंच नाही. पाऊस घाटात पडतो, पाणी सावकाश खाली येतं, आणि खालून कृष्णा फुगलेली असली की वरचं पाणी पुढं सरकत नाही, मागं दाटतं. "पाऊस थांबला की लोकं निवांत व्हत्यात. पळायचं असतंय तवाच!" एका वर्षी कोल्हापुरात लख्ख ऊन पडलं म्हणून आम्ही त्याचं ऐकलं नाही. दिवस मावळेपर्यंत त्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतर उलट प्रश्न विचारायचं आम्ही सोडून दिलं. मामाचा फोन आला की मुरगूडचा माझा धाकटा भाऊ अशोक दुधाच्या टेम्पोतले कॅन उतरवतो, मी आणि सुनीता त्यात चढतो आणि जाऊन मामाचा संसार माळ्यावर चढवतो. म्हैस नातलगांच्या माळरानावर जाते आणि मामा आमच्याकडे येतो. पाणी उतरेपर्यंत फरश्यांना शिव्या देत राहतो.

गेल्या मोठ्या पुरानंतर त्याच्या गल्लीतली माणसं कंटाळली. एकेक घर उंचावरच्या नव्या जागेत गेलं. जुन्या घरांना कुलपं लागली, काहींची दारंही लोकांनी काढून नेली. मामा राहिला. "तुम्ही पण जा की वर," मी म्हणालो. "वर मुरूम हाय," तो म्हणाला, आणि विषय संपला.

यंदा पावसानं डोळे वटारले. मामाचे फोन दुष्काळाचे येऊ लागले. जमीन अजून तहानलेलीच आहे, एवढ्यानं ओढाही वाहायचा नाही. पूर नाही म्हटल्यावर मी फोन स्पीकरवर टाकून जरा जास्तच निवांत दाढी करायला लागलो. मग श्रावणात एका सकाळी फोन आला.

"पानी उंबऱ्याला आलंय. टेम्पो घिऊन या."

फोन बंद.

सुनीता खिडकीतून बघत म्हणाली, "अहो, बाहेर कडक ऊन पडलंय."

"इथल्या उन्हाचा काय संबंध?" मी मामाच्याच आवाजात म्हणालो.

"टीव्हीवर पण काही नाही."

"टीव्हीला नंतर कळतं."

अशोक टेम्पो घेऊन आला. तालुक्यात शिरलो तसा तो गाडी हळू करायला लागला. "दादा, लोकं मोटारी लावून उसाला पानी पाजाय लागल्यात की."

"खालून फुगवटा असणार," मी म्हणालो.

"फुगवटा उसाच्या मुळाला दिसंल का न्हाय?"

"तू गाडी चालव."

मामाच्या गल्लीत धूळ होती. कुलपं लागलेल्या घरांपुढं गवतसुद्धा वाळलेलं, आणि रस्त्याच्या मधोमध चाकोरीत एक कुत्रं झोपलं होतं, ते टेम्पो बघूनही उठलं नाही. नदी खाली, लांब, आपल्या पात्रात अंग चोरून पडली होती. मामा दारात उभा. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. उंबरा कोरडा. त्याच्या मागं पुढच्या सोप्यात सतरंज्या अंथरलेल्या, उशांना नवे अभ्रे. आतून शेवयांच्या खिरीचा वास येत होता, आणि खीर तळाला थोडी लागलेली होती, हेही त्या वासातच कळत होतं.

अशोक रागानं खाली उतरला. सकाळचं दूध त्यानं दुसऱ्याच्या गाडीवर घातलं होतं. "मामा, पानी कुठं हाय?"

मामानं नदीकडं बघितलं. मग आमच्याकडं न बघता म्हणाला, "आलतं की. उतरलं."

"कवा उतरलं?"

"मघाशी."

इतकी वर्षं त्या माणसानं पाण्याबद्दल एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं, त्यामुळं खोटं कसं सांगतात हेही त्याला नीट जमत नव्हतं. मान खाली घालून तो धोतराचा सोगा उगाच नीट करत राहिला. अशोकनं तोंड उघडलं, तेवढ्यात सुनीतानं पदर खोचला.

"उतरलं म्हणून काय झालं, मामा? तुम्हीच सांगता ना, उतरलेलं पाणी परत चढतं. आलोयच तर सामान वर टाकून जातो."

मामानं तिच्याकडं बघितलं. मी अशोककडं बघितलं. अशोकनं एक शिवी गिळली आणि शिडी आणायला गेला.

मग आम्ही कोरड्या ठणठणीत घरातला सगळा संसार माळ्यावर चढवला. धान्याची पोती, ट्रंक, देव, टीव्ही. मामा खाली उभा राहून ओरडत होता. "आरं, दावं बांध की त्या टीव्हीला! भाच्या, तुझ्या कमरंत जोर न्हाय लेका, दुकानात बसून बसून पोतं झालायस तू! सूनबाई, ती बरणी आदी, लोनच्याची!" त्याचा आवाज गल्लीभर जात होता. ऐकायला ते कुत्रं तेवढं होतं.

"चला, चला, दिवस मावळायच्या आत जेवून घ्या," मामा म्हणाला. आम्ही जैन, दिवस बुडाल्यावर आमच्याकडे कोणी जेवत नाही. त्यानं फडक्यानं पाणी गाळून सगळ्यांचे तांबे भरले आणि खीर वाढली. लागलेली खीर अशोकनं दोनदा मागून घेतली.

निघताना मामा माळ्याकडं बघत म्हणाला, "आता हे खाली कोन काडनार?"

"पुढच्या आयतवारी येतो की आम्ही," सुनीता म्हणाली.

मामा टेम्पोपर्यंत आला. मागचं फळकूट त्यानं स्वतः लावलं, कडी हलवून बघितली. मग अशोकच्या खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "येताना टेम्पो आनू नगंस. नुसतंच या."